नऊ णमोकार, एक चमचा पाणी

जैन घराची ओळख पुष्कळदा त्याच्या पाण्यावरून पटते. हंड्याच्या तोंडावर बांधलेले दुपदरी स्वच्छ वस्त्र, पाणी गाळून झाल्यावर त्या वस्त्रावर राहिलेले सूक्ष्म जीव पुन्हा मूळ पाण्यात अलगद सोडण्याची दक्षता, आणि गाळलेल्या पाण्याचीही वेळेनुसार पाळली जाणारी मर्यादा, हे सारे संस्कार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. दिगंबर परंपरेत गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे, तर पूर्ण उकळलेल्या पाण्याची २४ तास मानली जाते. पाण्याचा एवढा बारकाईने विचार करणारी दुसरी गृहसंस्कृती क्वचितच सापडेल.

परंतु याच घरात एखाद्या लहानग्याला उलट्या-जुलाब सुरू झाले की पुष्कळदा सर्वांत आधी त्याचे पाणीच तोडले जाते. ‘पोटात काही ठरत नाही, मग देऊन काय उपयोग?’ असा साधा, सरळ तर्क त्यामागे असतो. लंघन हे परम औषध, हा आपल्याकडील जुना विश्वास त्या तर्काला बळ देतो. उपवासाचा महिमा ज्या घराने पाहिला आहे, त्या घराला तर पोट रिकामे ठेवणे हा उपचारच वाटतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत एखाद्या वेळी हे खपून जाते. दीड वर्षाच्या बालकाच्या बाबतीत मात्र खपत नाही, कारण त्याच्या चिमुकल्या देहात पाण्याचा साठा थोडा आणि जुलाबावाटे होणारा ऱ्हास मोठा असतो. सकाळी खेळणारे मूल संध्याकाळपर्यंत मलूल होऊन पडते ते यामुळेच.

कृष्णाकाठच्या एका गावातील अशाच एका घराची ही हकीकत. घरात आजोबा, आजी, सून आणि दीड वर्षाचा नातू. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. भाद्रपद महिना, दशलक्षण पर्वाचा अखेरचा दिवस. आजींचा अनंत चतुर्दशीचा निर्जल उपवास गेली कित्येक वर्षे अखंड चाललेला. त्रयोदशीच्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी घेतलेले पाणी तेच शेवटचे. त्यानंतर पौर्णिमेच्या सकाळी पूजा-अभिषेक आटोपून पारणे होईपर्यंत थेंबही नाही.

नातवाची पहिली उलटी झाली ती त्रयोदशीच्या मध्यरात्री. चतुर्दशीच्या दुपारपर्यंत पाण्यासारखे सहा जुलाब झाले. संध्याकाळी त्याचे डोळे खोल गेल्यासारखे दिसू लागले, ओठ सुकले, आणि रडताना डोळ्यांत पाणी येईनासे झाले. दुपारनंतर लंगोट लघवीने ओला झालेला नव्हता. सुनेने त्याला तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडून पाहिली. ती जराशी सावकाश मूळ जागी गेली. वजन १० किलो भरले. शरीरातले पाणी कमी होऊ लागले आहे, पण मूल अजून तोंडाने पिऊ शकते आणि त्याची शुद्ध चांगली आहे, तेव्हा शिरेतून सलाइन लावण्याची गरज नाही, असे सांगून त्यांनी ओआरएसच्या पुड्या आणि झिंकचे औषध दिले. पुढच्या ४ तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ७५० मिलिलिटर द्रावण पोटात जायला हवे, हा हिशेबही लिहून दिला. मूल पिईनासे झाले, सारख्या उलट्या होत राहिल्या, गुंगी येऊ लागली, शौचातून रक्त गेले किंवा ४ तासांनीही लघवी झाली नाही, तर रात्रीची वेळ न पाहता थेट रुग्णालयात यावे, असेही त्यांनी बजावले.

घरी आल्यावर आजींनी सकाळीच उकळून ठेवलेल्या पाण्यातले १ लिटर पाणी मोजून घेतले गेले आणि पुडी त्यात पूर्णपणे विरघळवली गेली. फुलपात्र समोर दिसताच बाळाने दोन्ही हातांनी ते ओढून घेतले आणि घटाघट अर्धे रिकामे केले. पाच मिनिटांत सगळे उलटून पडले. अंथरूण भिजले, बाळ घाबरून रडू लागले. त्या रडण्यात आवाज होता, अश्रू नव्हते.

“राहू दे आता,” आजी म्हणाल्या. “पोटात काही ठरत नाही त्याच्या. रात्रभर पोट मोकळं राहिलं की सकाळी आपोआप निवळेल. आणि दिवसही मावळला की गं.”

त्या शेवटच्या वाक्यात कठोरपणाचा लवलेशही नव्हता. ज्या बाईने पन्नास वर्षे सूर्यास्तानंतर मुखात काही घातले नाही, तिच्या दृष्टीने रात्र हीच मुळी विश्रांतीची, संयमाची वेळ. आपल्या नातवाला तिने तिला ठाऊक असलेला सर्वांत पवित्र उपाय सुचवला होता.

सुनेने बाळाचा सदरा बदलला. मान वर न करता ती एवढेच म्हणाली, “आत्या, उपवास तुम्ही घेतलाय. बाळानं कुठं घेतलाय?”

घरात काही क्षण शांतता पसरली. सासूला असे उत्तर देण्याची त्या घरात रीत नव्हती, आणि देणारीलाही ते ठाऊक होते. मग ओटीवर बसलेल्या आजोबांनी, जणू स्वतःशीच बोलावे तसे, तीन दिवसांपूर्वीच्या प्रवचनाची आठवण काढली. दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचला जातो. दहा दिवस, दहा अध्याय. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय होता. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीपलीकडे ओझे लादणे आणि पाचवा अन्नपाननिरोध. आपल्या आश्रयाला असलेल्या जीवाचे अन्नपाणी वेळेवर न मिळू देणे, हाही अहिंसेला लागलेला दोषच.

“पंडितजींनी गोठ्यातल्या बैलाचा दाखला दिला होता,” आजोबा म्हणाले. “स्वतः मागू शकत नाही, घेऊ शकत नाही, त्या प्रत्येकाला ते लागू होतं म्हणाले.”

आजींनी ते प्रवचन पुढच्या रांगेत बसून ऐकले होते. त्या काही बोलल्या नाहीत.

इतक्यात सुनेने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारले, “कशाने पाजलंत?” फुलपात्राने, म्हटल्यावर ते म्हणाले, “दहा मिनिटं थांबा. मग चमच्यानं द्या. एका वेळी एकच लहान चमचा, आणि दोन चमच्यांच्या मध्ये मिनिट-दीड मिनिट जाऊ द्या. मागितलं तरी घाई नको. पुन्हा उलटी झाली तर पुन्हा दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश द्या. पण थांबवू नका.”

दहा मिनिटे गेली. सून चमचा घ्यायला स्वयंपाकघरात गेली, तर आजी साबणाने हात धूत उभ्या होत्या. चमचा आणि वाटी त्यांनी आधीच उकळत्या पाण्यातून काढून ठेवली होती. “तू काल रात्रीपासून जागी आहेस,” त्या म्हणाल्या. “त्याला माझ्या मांडीवर दे.”

मिनिट-दीड मिनिट मोजायचे कसे, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. कायोत्सर्गात सत्तावीस श्वासोच्छ्वासांत नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणण्याची सवय त्यांच्या देहात मुरली होती. शांत बसलेल्या माणसाचे सत्तावीस श्वास म्हणजे साधारण दीड मिनिट. एक चमचा, नऊ णमोकार; पुन्हा एक चमचा. ५ मिलिलिटरचा चमचा दीड-पावणेदोन मिनिटांनी दिला, तर ४ तासांत सुमारे १५० चमचे होतात, आणि १५० चमचे म्हणजे ७५० मिलिलिटर. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेला हिशेब आणि आजींच्या जपाचा हिशेब असा एकमेकांशी अगदी जुळला. चमचे मोजायला त्यांनी जपमाळ घेतली. एकशेआठ मण्यांची एक माळ, आणि वर बेचाळीस मणी.

पहिल्या वीस-पंचवीस चमच्यांपर्यंत बाळ चिडत होते. त्याला फुलपात्रच हवे होते. नवाच्या सुमारास आणखी एक उलटी झाली. आजी थांबल्या, त्याचे तोंड पुसले, भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटे जाऊ दिली आणि पुन्हा सुरुवात केली. माळ तिथूनच पुढे गेली. दहा वाजता बाळाचे रडणे थांबले. अकरानंतर ते चमचा जवळ आला की आपणहून तोंड उघडू लागले. मध्येच त्याने आईकडे झेप घेतली तेव्हा तिने त्याला अंगावर पाजले. आईच्या दुधाला डॉक्टरांची मनाई नव्हती, उलट आग्रहच होता.

या साऱ्या वेळात आजींच्या स्वतःच्या मुखात पाण्याचा थेंब नव्हता. चोवीस तास उलटून गेले होते. जीभ टाळूला चिकटत होती, ओठ सुकून ताणले जात होते. वाटीतले पाणी हाताशी होते आणि ते बोटाच्या अंतरावरून दुसऱ्याच्या मुखात जात होते. कोरड्या जिभेचा अर्थ त्या घरात त्या रात्री त्यांच्याइतका कोणालाच कळत नव्हता. परंतु त्यांच्या तहानेला मर्यादा होती, नियम होता, उद्या सकाळचे पारणे होते, आणि मुख्य म्हणजे ती त्यांनी स्वतः हात जोडून मागून घेतली होती. मांडीवरच्या जीवाची तहान कोणी मागितलेली नव्हती. तिला नाव नव्हते, अंत कधी ते ठाऊक नव्हते, आणि ‘मला पाणी द्या’ असे म्हणायला धड शब्दही नव्हते. दोन्ही तहाना बाहेरून सारख्याच दिसतात. एकीत निर्जरा आहे, दुसरीत निव्वळ वेदना.

एक वाजण्याच्या सुमारास लंगोट ओला झाला. सुनेने तो दोनदा हात लावून पाहिला. मग बाळ जागे होऊन रडले, आणि त्याच्या गालावरून खरेखुरे पाणी ओघळले. एरवी लेकराच्या डोळ्यांतले पाणी पाहून ज्या घराचा जीव कासावीस होतो, त्या घराला त्या रात्री त्या अश्रूंनी धीर दिला. जुलाब पुढे आणखी तीन दिवस चालले. पण मूल मलूल झाले नाही, कारण प्रत्येक जुलाबानंतर वाटी-चमचा बाहेर निघत होता.

चमचाभर पाण्यात एवढे सामर्थ्य कोठून येते, हे समजून घेण्यासारखे आहे. जुलाबात आतड्यांतून पाणी आणि क्षार बाहेर फेकले जातात. नुसते पाणी पाजले तर ते पुरेसे शोषले जात नाही आणि गेलेले क्षारही भरून येत नाहीत. परंतु आतड्यांच्या अस्तरात साखर आणि मीठ यांना जोडीने आत घेणारी एक वाट असते. ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आले की ती उघडते, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत ओढले जाते. विशेष म्हणजे तीव्र जुलाबातही ही वाट बहुतेक वेळा शाबूत राहते. रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६० साली ही जोडवाहतूक प्रथम मांडली. त्याही आधी, १९५३ साली, कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना तोंडाने मीठ-साखरेचे द्रावण देऊन बरे केल्याचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. तेव्हा त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

या उपायाची खरी परीक्षा झाली ती १९७१ साली. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात सीमेलगतच्या बनगाव येथे निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या आणि शिरेत सुई घालणारे प्रशिक्षित हातही अपुरे होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून मिसळला, त्याच्या पुड्या बांधल्या, पिंपांतून द्रावण तयार केले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या आई-बापांवर, भावा-बहिणींवर सोपवले. आधी शंभरातील तीसएक रुग्ण दगावत होते. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत हे प्रमाण शेकडा चाराच्या खाली आले. २०२२ साली त्यांचे निधन झाले आणि २०२३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले. त्यांच्या कार्यातली मोठी गोष्ट अशी की औषध पाजण्याचा अधिकार त्यांनी निःशंकपणे घरच्या माणसाच्या हाती दिला. आजीच्या हातातला चमचा त्याच परंपरेतला.

जुलाबात पोटाला विश्रांती द्यावी, हा समज केवळ आपल्या आजी-पणजींचा होता असेही नाही. पाश्चात्त्य वैद्यकही दीर्घकाळ तेच सांगत असे. अनुभवाने आणि अभ्यासाने तो समज मागे पडला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २००४ सालच्या संयुक्त निवेदनात तीन गोष्टींवर भर आहे: कमी तीव्रतेचे सुधारित ओआरएस, झिंक, आणि आजारातही चालू ठेवलेला आहार. दोन वर्षांखालील बालकाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर ओआरएस द्यावे. झिंक सहा महिन्यांवरील बालकाला रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम, असे १० ते १४ दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यायचे असते. जुलाब थांबले म्हणून झिंक मध्येच सोडू नये.

पुडी विरघळवताना जितके पाणी पुडीवर लिहिले आहे, तितकेच घ्यावे. १ लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर क्षार जास्त होऊन अपाय होतो. अर्धी पुडी आज आणि अर्धी उद्या, असेही करू नये. तयार द्रावण झाकून ठेवावे आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. उकळलेल्या पाण्याची मर्यादा पाळणाऱ्या श्रावकघराला हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही. पुडी हाताशी नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. येथे ‘सपाट’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. मीठ चुकून जास्त पडण्यापेक्षा पुडी आणून ठेवणे केव्हाही बरे.

दुकानातली गोड शीतपेये आणि डब्यातले फळांचे रस या आजारात देऊ नयेत. त्यांतली जादा साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. नुसती ग्लुकोज पावडरही ओआरएसची जागा घेऊ शकत नाही, कारण तिच्यात पुरेसे क्षार नसतात. योग्य सूत्रानुसार नसलेल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे वापरण्यास भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच कारणाने. पुडी घेताना तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे की नाही, हे वाचून पाहावे.

आहाराच्या बाबतीत आपले स्वयंपाकघर मुळातच अनुकूल आहे. मीठ घातलेली तांदळाची पेज, मुगाच्या डाळीचे पाणी, मऊ भात आणि ताजे ताक हे सारे दिवसाच्या वेळी थोडे थोडे देता येते. पिकलेल्या केळ्यातून जुलाबात कमी झालेले पोटॅशियम मिळते. कंदमुळांवाचून काही अडत नाही. मध तर आपल्याकडे वर्ज्यच, आणि वर्षाखालील बाळाला मध देऊ नये असे वैद्यकशास्त्रही सांगते. जायफळ उगाळून चाटवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. पण त्याचा अतिरेक अपायकारक ठरतो आणि त्याने शरीरातले पाणी भरून येत नाही. मोठ्यांची जुलाब थांबवणारी गोळी तुकडा करून लहानग्याला देणे तर कटाक्षाने टाळावे. लहान मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंमुळे होतात आणि त्यांवर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. त्यांतल्या रोटा विषाणूवरील लस २०१६ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आहे. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर तिची नोंद आहे का, हे पाहून घ्यावे.

जलगालनाविषयीही एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. बांगलादेशातील मतलब भागातल्या खेड्यांत, जुन्या साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळून घेण्याचा प्रयोग रिटा कोलवेल या संशोधक विदुषी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात, आणि ते प्राणी कापडात अडतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. जीवदयेपोटी पाळलेल्या आचाराचा आरोग्यालाही लाभ होतो, याचा हा दाखला सुखावणारा आहे. तथापि त्याची सीमाही ओळखली पाहिजे. सुटे जंतू आणि विषाणू कापडातून सहज पार होतात. म्हणून आजारी बालकासाठी पाणी गाळून उकळलेलेच हवे. आणि लंगोट बदलल्यावर व भरवण्यापूर्वी साबणाने हात धुणे तितकेच आवश्यक.

राहता राहिला रात्रीचा प्रश्न. अनेक श्रद्धावान घरांत तो खरोखरच मनाला टोचतो, म्हणून त्याला बगल देऊ नये. व्रत हे जाणून, समजून, स्वेच्छेने घेतले तरच व्रत. आठ वर्षांचे वय पूर्ण होण्यापूर्वी व्रतग्रहणाची योग्यता परंपरेनेही मानलेली नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचा रात्रिभोजनत्याग वा चौविहार हा त्यांचा स्वतःचा नियम आहे; बालकाला रात्री औषध पाजल्याने तो भंग पावत नाही. उलट आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान या चार दानांतील किमान तीन त्या एका चमच्यात सामावतात. पोटात जाते ते औषध, त्यातच थोडे पोषण, आणि ज्याला भय या शब्दाचा अर्थही कळत नाही त्या जीवाला मिळालेले अभय.

संयमाचा संस्कार मुलांवर जरूर व्हावा. देवदर्शन, णमोकार आणि दिवस असताना जेवण या सवयी लहानपणापासूनच लागतात आणि त्या आजी-आजोबांच्या सहवासातच लागतात. पण संयम देहाचा स्वामी स्वतः करतो. ज्याचा देह सर्वस्वी आपल्या हाती सोपवलेला आहे, त्याच्या बाबतीत आपल्याकडे असते ती केवळ जबाबदारी. दक्षतेने, प्रमाद न करता वागणे हाच अहिंसेचा गाभा मानला आहे. आणि वजनाप्रमाणे पाणी मोजणे, घड्याळ पाहणे, लंगोट ओला झाला का ते तपासणे, गुंगी येते का याकडे लक्ष ठेवणे, ही सर्व दक्षताच आहे. घरच्या उपायाची सीमा कोठे संपते, हे ओळखणेही तिच्यातच आले. मूल पाणी घेईनासे झाले, सतत उलट्या होत राहिल्या, फिट आली, पोट फुगले, शौचात रक्त दिसले, सहा ते आठ तास लघवी झाली नाही किंवा ते हाक मारूनही नीट जागे होत नसेल, तर चमच्यावर विसंबून न राहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

पर्युषण आणि दशलक्षण पर्वाचे दिवस पावसाळ्यातले. पोटाचे विकारही याच दिवसांत बळावतात, आणि घरातली मोठी माणसे नेमकी उपवासात असतात. पर्वाआधी पारण्यासाठी मूग, साखर, तूप, लवंग यांची यादी घरोघरी होते. ज्या घरात लहान मूल आहे, त्या घराने त्या यादीत ओआरएसच्या चार पुड्या आणि ५ मिलिलिटरचा एक मापी चमचा एवढे लिहून ठेवावे, आणि ते कोठे ठेवले आहे हे आजी-आजोबांनाही दाखवून ठेवावे.